तुम्ही विचारलंत: मक्राण किनाऱ्यावरची माणसं आणि त्यांची भाषा

मागच्या अंकात मस्कतच्या नोकरीबद्दल लिहिताना बाळंतिणींच्या वॉर्डातल्या बलुची बायकांवर मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर पत्रांचा गठ्ठा आला. संपादक म्हणाले, या खेपेला आरोग्याचे प्रश्न बाजूला ठेवा, हीच उत्तरं द्या. मी इतिहासाची किंवा भाषेची प्राध्यापक नाही, निवृत्त परिचारिका आहे. पण उमेदीची वर्षं या लोकांच्या बाळंतपणांत गेली, गोव्यात परतल्यावरही त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत आले. जे पक्कं ठाऊक आहे तेवढंच सांगते.

ताई, बलुची म्हणजे पाकिस्तानीच ना? मग ओमानमध्ये एवढे कसे?
– एक वाचक, डिचोली

बलुची माणसांचा मुलूख तीन देशांत वाटला गेलाय. पाकिस्तानातला बलुचिस्तान प्रांत, इराणमधला सिस्तान-बलुचिस्तान, आणि अफगाणिस्तानचा निमरोझ-हेलमंदकडचा दक्षिण भाग. इराणच्या बाजूची सीमा १८७१ मध्ये गोल्डस्मिड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या आयोगाने आखली, अफगाणिस्तानच्या बाजूची १८९३ च्या ड्युरँड रेषेने ठरली. रेषा आखताना तिथल्या मेंढपाळाला कुणी विचारलं नाही. आपल्या पेपरात ज्या चाबहार बंदराच्या बातम्या येतात ते इराणी बलुचिस्तानात, आणि चीनमुळे गाजणारं ग्वादर पाकिस्तानी बलुचिस्तानात. दोन्ही एकाच मक्राण किनाऱ्यावर, दोन्हीकडे घरात बोलतात ती बलुचीच. कराचीच्या ल्यारी भागात, तुर्कमेनिस्तानात मर्वच्या आसपास आणि आखाती देशांतही त्यांची मोठी वस्ती आहे. पाकिस्तानच्या २०१७ च्या जनगणनेत बलुची मातृभाषा सांगणारे सुमारे तीन टक्के होते.

ओमानचं कोडं ग्वादरमुळे सुटतं. अठराव्या शतकाच्या अखेरीला मस्कतचा एक राजपुत्र भाऊबंदकीमुळे परागंदा झाला. कलात या बलुचिस्तानातल्या संस्थानाच्या खानाने त्याला ग्वादर तोडून दिलं. तो पुढे सुलतान झाला, पण ग्वादर ओमानकडेच राहिलं, ते थेट १९५८ पर्यंत. त्या वर्षी पाकिस्तानने ते ओमानकडून तीस लाख पौंडांना विकत घेतलं. तोवर सुलतानाच्या फौजेत मक्राणातून पोरं भरती होत, मस्कतशेजारच्या मत्रा बंदरात त्यांची घरं उभी राहत. माझ्या वॉर्डात येणाऱ्या कितीतरी बायकांचे आजोबा ग्वादरमध्ये जन्मले ते सुलतानाची प्रजा म्हणूनच. त्यांना कुणी 'पाकिस्तानी' म्हटलं की त्या दुखावत, आणि ते रास्तच होतं.

आपल्याकडेही ही माणसं आहेत बरं का. सौराष्ट्रात मकराणी आहेत, नंदुरबारच्या अक्कलकुव्यात मक्राणी आडनावाची घरं आहेत. संस्थानिकांच्या शिबंदीत अरब, रोहिले तसे मकराणी शिपाई असत, त्यांचे हे वंशज.

बलुची ही उर्दूची किंवा फारसीची बोली आहे का? मराठीशी तिचं काही नातं लागतं?
– निवृत्त शिक्षक, फोंडा

सर, उर्दूची तर नाहीच, फारसीचीही नाही. ती स्वतंत्र इराणी भाषा आहे. गंमत अशी की भाषाशास्त्रज्ञ तिला वायव्य इराणी गटात घालतात, म्हणजे कुर्दीच्या पंगतीला, आणि बोलली मात्र जाते पार आग्नेय टोकाला. त्यावरून हे लोक फार पूर्वी कॅस्पियन समुद्राकडून सरकत खाली आले असावेत असं अभ्यासक मानतात. बलुचींची स्वतःची परंपरा वेगळं सांगते. त्यांच्या जुन्या पोवाड्यांत आपण हलबहून, म्हणजे सिरियातल्या अलेप्पोहून, करबलाच्या लढाईनंतर निघालो असं येतं. भाषेचा पुरावा मला वजनदार वाटतो, पण वॉर्डात कुणी हलबचं नाव काढलं तर मी कधी वाद घातला नाही.

मराठीशी नातं चुलत घराण्याचं आहे. संस्कृत आणि जुनी इराणी या सख्ख्या बहिणी, तेव्हा त्यांच्या लेकी म्हणजे आपल्या भाषा दूरच्या बहिणी झाल्या. बलुचीने एक गोष्ट फार निगुतीने सांभाळलीय: फारसीत झिजून गेलेली जुनी व्यंजनं. पाण्याला फारसीत आब, बलुचीत आप. आपल्या वेदांतलं पाणीही 'आपः'च. दिवसाला फारसीत रूझ, बलुचीत रोच. वाऱ्याला फारसीत बाद, बलुचीत ग्वात, म्हणजे आपला वात, फक्त सुरुवातीच्या 'व'चा 'ग्व' झाला. आकडे मोजून बघा: यक, दो, सै, चार, पंच, शश, हप्त, हश्त, नुह, दह. वीसला गीस्त. बाळंतपणात कळांमधलं अंतर मोजताना आजूबाजूच्या बायका मोठ्याने आकडे म्हणत, तिथेच मी ते शिकले.

किनाऱ्यावरच्या बोलीत 'फ' आणि घशातला 'ख' येत नाही. केसपेपरवर फातिमा लिहिलेलं असे आणि बाहेर बसलेली आई 'पातिमा' अशी हाक मारी. खुदाचं हुदा होतं. नव्या सिस्टरची यात तारांबळ उडायची, हाक एका नावाची आणि कागद दुसऱ्या नावाचा.

व्याकरणातली एक गोष्ट तुम्हाला शिक्षक म्हणून आवडेल. आपण 'मुलाने भाकरी खाल्ली' म्हणतो तेव्हा क्रियापद मुलाकडे बघत नाही, मुलाला 'ने' लागतो. याला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. फारसीत हा प्रकार नाही. बलुचीत आहे, निदान किनाऱ्यावरच्या आणि पूर्वेकडच्या डोंगराळ बोलीत: भूतकाळात करणाऱ्याला वेगळा प्रत्यय लागतो आणि क्रियापद त्याच्यापासून सुटतं. शिवाय ट, ड हे आपले मूर्धन्य उच्चार फारसी माणसाला जमत नाहीत, बलुचीला सहज येतात, सिंधीसारख्या शेजारणींच्या सहवासामुळे. म्हणून एखाद्या मराठी माणसाला बलुची कानावर पडली की अर्थ लागत नाही, पण परकीही वाटत नाही.

तिच्या तीन मुख्य बोली धरतात: पश्चिमेची रख्शानी, किनाऱ्याची मक्राणी आणि पूर्वेची सुलेमान डोंगरांतली. मस्कतला माझ्या कानावर पडली ती मक्राणी.

बलुचिस्तानात कानडीच्या नात्यातली भाषा बोलतात असं वाचलं. ही अफवा ना?
– एक वाचिका, काणकोण

अफवा नाही बाय. ती ब्राहुई. कलात, खुजदार, मस्तुंग या भागातली. द्राविडी कुळातली भाषा, आणि तिच्या चारी बाजूंना इराणी नि आर्य भाषा. तुमच्याकडे कारवारशी रोजची ये-जा, कानडी तुम्हाला ठाऊकच असेल: ओंदु, एरडु, मूरु. ब्राहुईत असित, इरत, मुसित. आणि चारपासून पुढे थेट बलुची-फारसी आकडे! ब्राहुई बोलणारे बहुतेक स्वतःला बलुचीच म्हणवतात, कितीतरी घरांत दोन्ही भाषा चालतात. कलातचे खान मूळचे ब्राहुईच.

पानिपतावर कैद झालेले मराठे बलुचिस्तानात आहेत, ते अजून मराठी शब्द वापरतात, असे व्हिडिओ फिरतात. त्यांना आपण परत आणायला नको का?
– एक तरुण वाचक, साखळी

तुझ्या पत्रातली कळकळ मला समजते. आधी पक्कं काय ते सांगते. कलातचा खान नासीर खान याचा १७५८ मध्ये अहमदशहा अब्दालीशी तह झाला आणि त्यात अब्दालीच्या मोहिमांना फौज देण्याचं ठरलं. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. डेरा बुगटी भागातल्या बुगटी जमातीत मराठा म्हणवणारी एक शाखा आहे, हेही खरं. पानिपतचे कैदी नासीर खानाच्या सैन्याबरोबर तिकडे गेले आणि त्यांचे हे वंशज, ही परंपरा. मी ती परंपरा म्हणूनच सांगते. एखाददुसरा शब्द सारखा निघाला म्हणून ती सिद्ध होत नाही. आत्ताच सांगितलं, आपल्या भाषा दूरच्या बहिणी आहेत, सारखे शब्द सापडायचेच.

पण 'परत आणायचं' हे मला मुळीच पटत नाही. अडीचशेहून अधिक वर्षं झाली. त्यांची भाषा बलुची, सोयरीक तिथली, धर्म इस्लाम, थडगी तिथे. ते बुगटी आहेत आणि मराठा हे त्यांच्या शाखेचं नाव आहे, त्यांनी ते अभिमानाने जपलंय. आपण बलुचिस्तानाकडे बघायचं ते फक्त आपलं हरवलेलं सामान शोधायला, ही सवय मला खटकते. गठ्ठ्यातली निम्मी पत्रं याच प्रश्नाची होती. ज्यांच्या घरात ही माणसं राहिली त्या बलुचींविषयी त्यांत एकही ओळ नव्हती. पानिपतच्या पलीकडे त्यांचा स्वतःचा इतिहास आहे. मीर चाकर रिंद आणि ग्वाहराम लाशारी यांची तीस वर्षं चाललेली भाऊबंदकी, गोहर नावाच्या बाईच्या उंटांवरून पेटलेली, तिच्यावर रचलेली कवनं आजही गातात. तू ते वाच. मग बुगटींतले मराठे तुला अधिक चांगले कळतील.

एका बलुची सरदाराला पोर्तुगिजांनी पकडून गोव्यात आणलं आणि तो इथेच मेला, हे खरं का? अग्वादच्या तुरुंगात होता म्हणतात.
– एक वाचक, म्हापसा

गठ्ठ्यातला हा प्रश्न मी सगळ्यांत आधी उचलला.

त्याचं नाव हम्मल, जियंदचा मुलगा. पस्नी आणि ओरमाडा या दोन बंदरांच्या मधे कलमत नावाची खाडी आहे, तिथला होत जमातीचा सरदार. मी त्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते नातीच्या बाळंतपणासाठी आलेल्या पस्नीकडच्या एका म्हातारीकडून. रात्रपाळीत ती जागीच असायची. मला तिने विचारलं, तू हिंदुस्थानात कुठली? मी म्हटलं, गोव्याची. ती उठून बसली, माझा हात धरला आणि हलक्या आवाजात काहीतरी म्हणायला लागली. लय होती, ओळी मोठ्या होत्या, 'हम्मल' हे एकच नाव मला कळत होतं. तिच्या सुनेने नंतर अर्थ सांगितला. मी ज्या गावाला घर म्हणते त्या गावाचं नाव त्यांच्या गाण्यात शत्रूचं ठिकाण म्हणून येतं, हे मला त्या रात्री कळलं.

कथा अशी. फिरंगी गलबतं किनाऱ्यावर आली तेव्हा हम्मल थोड्या साथीदारांनिशी समुद्रात त्यांच्याशी लढला. साथीदार पडले, तो जिवंत हाती लागला. फिरंग्यांना त्याचं शौर्य इतकं आवडलं की आमच्यातली मुलगी कर, आमच्यात राहा, असं त्यांनी त्याला सांगितलं. त्याने ते धुडकावलं. आपला दीन, आपला मुलूख, आपल्या बायामाणसांची रीत सोडायला तो तयार झाला नाही आणि कैदेतच संपला. काही गाणारे म्हणतात त्याला गोव्यात आणलं, काही म्हणतात थेट पोर्तुगालात नेलं. मक्राणात अशी कवनं गाणाऱ्याला पहलवान म्हणतात. हातात सुरोज, म्हणजे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, साथीला दंबूरग, म्हणजे लांब दांड्याचं छेडायचं तंतुवाद्य, आणि एकेक कवन अर्धी रात्र चालतं.

आता गाण्याबाहेरचं. १५५४ मध्ये सीदी अली रईस हा तुर्की नौसेनापती वादळात भरकटत ग्वादरला लागला. तिथे बलुची राहतात आणि त्यांचा मुखिया मलिक जलालुद्दीन आहे, असं त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे बलुची त्या बंदरात तेव्हा होतेच. पोर्तुगिजांनी १५१५ मध्ये होर्मूझ पक्कं केलं, १५३५ मध्ये दीवला किल्ला बांधायला घेतला. या दोहोंच्या मधे पडतो तो मक्राण किनारा. या समुद्रात फिरणाऱ्या प्रत्येक गलबताने पोर्तुगिजांचा कार्ताझ, म्हणजे परवाना, घ्यायचा आणि जकात भरायची असा त्यांचा हुकूम. मक्राणचे खलाशी तो जुमानत नव्हते. पोर्तुगीज कागदांत त्यांना 'नौताक' म्हणून चाचे ठरवलंय. १५८१ मध्ये पोर्तुगीज आरमाराने ग्वादर आणि पस्नी ही दोन्ही गावं जाळली. या सगळ्याचा कारभार कुठून चालत होता? जुन्या गोव्यातून. विजरई, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉय, इथे बसायचा, हुकूम मांडवीच्या काठावरून सुटायचा.

कैद्यांना गोव्यात आणण्याची रीत होती, याला दुसरीकडचा भक्कम पुरावा आहे. मलबारचा कुंजाली मरक्कार पोर्तुगिजांनी १६०० मध्ये पकडला आणि गोव्यात आणून त्याचा शिरच्छेद केला. तेव्हा हम्मलचं गाणं गोव्याचं नाव घेतं ते उगाच नाही.

अग्वादचं मात्र सोडून द्या. अग्वादचा किल्ला १६१२ मध्ये पुरा झाला. हम्मलचा काळ सोळाव्या शतकाचा, त्याच्या वेळी तिथे नुसता डोंगर होता.

आणखी एक लिहिल्याशिवाय राहवत नाही. ग्वादर जाळलं ते १५८१. त्यानंतर दोनच वर्षांनी, १५८३ मध्ये, आमच्या कुंकळ्ळीच्या गावकारांना पोर्तुगिजांनी बोलणी करायची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे कापून काढलं. एकजण नदीत उडी टाकून वाचला तेवढा. कुंकळ्ळीचं स्मारक आपण उभारलं, दरवर्षी तिथे फुलं वाहतो. पस्नीच्या म्हातारीच्या गाण्यातला शत्रू आणि कुंकळ्ळीचा शत्रू एकाच वाड्यात बसलेला होता. हे मी तिला सांगायला हवं होतं असं मला फार वाटतं, पण तेव्हा माझी बलुची पाणी, दुखणं आणि आकडे यांच्या पुढे गेली नव्हती.

आम्ही भावसार. आमची कुलदेवी हिंगलाज. तिचं मूळ ठाणं बलुचिस्तानात आहे म्हणतात, तिथे पूजाअर्चा चालते का?
– एक वाचिका, मडगाव

चालते. लासबेला भागात हिंगोल नदीच्या खोऱ्यात, डोंगराच्या कपारीत देवीचं ठाणं आहे. घडवलेली मूर्ती नाही, शेंदूर फासलेली शिळा आहे. एप्रिलमध्ये मोठी यात्रा भरते, सिंधमधले हिंदू हजारोंनी जातात. वाटेत चंद्रगूप नावाचा चिखल उकळणारा डोंगर लागतो, तिथे नारळ वाहून पुढे जायची प्रथा आहे. पूर्वी कराचीहून उंटावरून वाळवंट तुडवत जावं लागे, किनारी महामार्ग झाल्यापासून गाडी जाते. आसपासचे मुसलमान या ठाण्याला 'नानी' म्हणतात आणि मान देतात.

मी बेंजो वाजवतो. यूट्यूबवर बलुची माणूस अगदी आपल्यासारखा बेंजो वाजवताना दिसला. त्यांनी आपल्याकडून घेतला की आपण त्यांच्याकडून?
– पेडण्याहून एक वादक

दोघांनीही जपानकडून. नागोया शहरात १९१२ मध्ये मोरिता गोरो याने ताइशोगोतो नावाचं वाद्य काढलं: लांबट पेटी, वर तारा, आणि टाइपरायटरसारखी बटणं. बटण दाबलं की तार हव्या त्या जागी दाबली जाते, दुसऱ्या हाताने छेडायची. स्वस्त, शिकायला सोपं, त्यामुळे जहाजांतून बंदराबंदरांत पोचलं. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं, मुंबई-कोकणात त्याला पिकअप लावून मिरवणुकीचा बेंजो झाला. कराची-मक्राणात बलुची कारागिरांनी पेटी लांबवली, खर्जाच्या तारा वाढवल्या आणि त्याचा बेंजू केला. बिलावल बेल्जियम या वादकाने त्याला मैफलीत बसवलं. तुम्ही त्याचं वादन शोधून ऐकाच. आपल्याकडे बेंजो बहुधा नाचायला लावतो. त्यांच्याकडे त्याच्यावर जहीरोकही वाजतं. जहीरोक म्हणजे विरहाचं, ओढीचं गाणं, मूळचं बायकांनी जात्यावर दळताना आणि उंटवाल्यांनी लांबच्या वाटेवर म्हणायचं. तुमच्या आजीच्या ओव्या आठवत असतील तर चाल लगेच मनात शिरेल.

बलुचीला लिपी आणि साहित्य आहे का, की नुसती बोलीभाषा आहे? शिकायची असेल तर कुठून सुरुवात करू?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, फोंडा

'नुसती बोली' हा शब्द जपून वापर. हाच प्रश्न गोव्यात किती वर्षं किती कडवटपणे विचारला गेला ते घरातल्या मोठ्या माणसांना विचार. मी मराठीत लिहिते, कोंकणीत भांडते आणि हसते, त्यामुळे मला तो प्रश्न दोन्ही बाजूंनी टोचतो.

लिपी आहे. अरबी-फारसी अक्षरांतच लिहितात, काहीजण रोमीतही. शुद्धलेखनाचं एकमत अजून नाही, कोणत्या बोलीचं प्रमाण मानायचं यावर वाद आहेत. साहित्य शतकानुशतकं तोंडी होतं. लाँगवर्थ डेम्स या इंग्रज अधिकाऱ्याने पूर्वेकडची कवनं गोळा करून १९०७ मध्ये छापली. अठराव्या शतकात नासीर खानाच्या दरबारात जाम दुर्रक कवी होता, एकोणिसाव्यात मर्री डोंगरांत मस्त तवकली फिरला, सम्मो नावाच्या विवाहित बाईवरच्या प्रेमाने वेडा होऊन. विसाव्या शतकात गुल खान नसीर, अता शाद.

पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो सय्यद जहूर शाह हाशमी. जन्म १९२६, ग्वादरचा, म्हणजे तेव्हाच्या ओमानी मुलखातला. बलुचीतली पहिली कादंबरी, 'नाजुक', त्याने लिहिली, ती १९७६ मध्ये आली. आणि आयुष्यभर शब्द वेचून कोश केला. क्षयाने छाती पोखरलेली असताना माणूस किती वेळ बसून लिहू शकतो हे मी वॉर्डात बघितलंय, म्हणून त्या कोशाचं मोल मला वेगळं वाटतं. तो १९७८ मध्ये गेला, कोश मागाहून छापून निघाला.

आता तुझी सुरुवात. क्वेट्टाला बलुची अकादमी १९६१ पासून आहे, तिथल्या विद्यापीठात बलुचीचा विभागही आहे, पण तिकडे जाणं तुला शक्य नाही. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात कारिना जहानी या विदुषीने बलुचीवर आयुष्य घातलंय. त्यांचं बलुची व्याकरण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. इंग्रजीत आहे, तुला झेपेल. आपल्या आकाशवाणीच्या विदेश सेवेचाही बलुची कार्यक्रम असतो. आधी उर्दू लिपी शीक, महिनाभर नुसतं ऐक, मग व्याकरण उघड. उलट क्रमाने गेलीस तर कंटाळशील.

मुलगा मस्कतला नोकरीला आहे. त्याच्या बलुची मित्राला मुलगी झाली, घरी बोलावलंय. काय न्यावं, कसं वागावं?
– एक आई, कुडचडे

हा प्रश्न माझ्या हातचा. त्यांच्यात सहावी रात्र मोठी. तिला शशिगान म्हणतात. बाळ-बाळंतिणीला वाईट नजरेपासून राखायला बायका रात्री जागतात आणि सिपत गातात, देवाची आणि नबीची स्तुती, मग आईचं कौतुक. आमच्याकडे सटी जागवतात तेव्हा जी भीती असते तीच तिथे असते. रुग्णालयात आम्ही भेटीची वेळ संपली म्हणून बायकांना बाहेर काढत असू, तेव्हा एखादी मावशी हमखास जिन्यात बसून हलक्या आवाजात गात राही. तिला मी उठवत नसे.

तुमचा मुलगा पुरुषांच्या बैठकीत बसेल. तिथे पहिली गोष्ट म्हणजे हाल. पाहुणा टेकला की यजमान हाल विचारतो, आणि पाहुण्याने रीतसर सांगायचं असतं: कुठून निघालो, वाटेत कोण भेटलं, घरी कोण आजारी, कोण बरं झालं, पाऊसपाणी काय म्हणतं. मधे कुणी तोडत नाही. मग पाहुण्याने उलट विचारायचं आणि तसंच निवांत ऐकायचं. वॉर्डात दूरचा नातेवाईक आला तरी आधी हाल आणि मग पेशंट, त्यामुळे आमचा राउंड खोळंबायचा. मुलाला सांगा, 'सगळं ठीक' म्हणून दोन शब्दांत उरकू नकोस, गोव्याचा हाल सांग. पावसाचं सांग, घरच्यांचं सांग.

न्यायला आपले काजू उत्तम. बाळासाठी पैसे द्यायचे तर मित्राच्या आईच्या हाती द्यावेत. बलुची बायकांच्या झग्याला पुढच्या बाजूला कंबरेपासून खालपर्यंत लांबच लांब खिसा असतो, सगळा भरतकामाने भरलेला. त्या भरतकामाला दोच म्हणतात, एकेका झग्याला महिने लागतात. त्या खिशातून मी किल्ल्या, पैसे, औषधांच्या चिठ्ठ्या, सुईदोरा, खजूर, सगळं निघताना पाहिलंय. तुमचं पाकीट तिथे जाईल म्हणजे ते योग्य ठिकाणी गेलं असं समजा.

मित्राच्या बायकोची नाव घेऊन चौकशी करू नये, 'घरची मंडळी कशी आहेत' एवढं पुरे. मुलीचं नाव मात्र जरूर विचारावं. आणि आतून बायकांच्या गाण्याचा आवाज आला तर मोबाइल काढून टेप करू नये. नंतर मित्राची आई खुशीने चार ओळी सांगत असेल तर त्या लिहून घ्याव्यात, देवनागरीत, जशा ऐकू येतील तशा, आणि मला पाठवाव्यात. सिपतच्या फार थोड्या ओळी माझ्याकडे आहेत.